कसब्यातला अमेरिकेचा तास

आमच्या लहानपणी दापोडीहून कसबा पेठेत जायचे म्हणजे अर्धा दिवस मोडत असे. पीएमटीची बस महापालिकेपाशी उतरवून द्यायची. तेथून शिवाजी पूल पायी ओलांडायचा. हा पूल 1923 सालचा, पण जुनी माणसे त्याला अजून नवा पूलच म्हणतात. मग शनिवारवाड्यासमोरून डावीकडे कसब्याच्या बोळांत शिरायचे. आता तसे राहिले नाही. 29 सप्टेंबर 2024 पासून जमिनीखालची मेट्रो कसब्यापर्यंत सुरू झाली. दापोडीला गाडीत बसले की लगेच मुळा नदी पुलावरून ओलांडते, शिवाजीनगरच्या आधी गाडी जमिनीत शिरते, जिल्हा न्यायालयाचे स्टेशन तर 33 मीटर खोल आहे, आणि तेथून पुढे मुठा नदीच्या पोटाखालून ती कसबा पेठेला येते. वर नदी आहे हे आतल्या माणसाला कळतही नाही.

गेल्या पावसाळ्यात मी लागोपाठ तीन रविवार या गाडीने कसब्यात गेलो. पहिल्या रविवारी मी भांडायला गेलो होतो, हे आधीच कबूल करतो.

झाले असे. माझी मुलगी बारावी कॉमर्सला आहे. दर रविवारी दुपारी ती कसबा पेठेतल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे इंग्रजीच्या अभ्यासाला जाते. बाई फी घेत नाहीत, त्यामुळे मी कधी चौकशी केली नव्हती. एके दिवशी पोरगी जेवताना म्हणाली, "पप्पा, बारावीनंतर मला बी.कॉम. नाही करायचं. मला इंग्रजी साहित्य घ्यायचंय." माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी स्वतः बी.कॉम. त्या पदवीवर मला कारकुनाची नोकरी लागली, त्या नोकरीवर दोन खोल्यांचे घर झाले. साहित्य घेऊन काय करणार? तिची आई म्हणाली, "रागावू नका, आधी त्या बाईंना भेटून या." म्हणून निघालो. बाईंना स्पष्ट सांगायचे ठरवले होते की, आमच्या मुलीच्या डोक्यात नाही ते भरू नका, आम्हाला ते परवडणारे नाही.

कसबा म्हणजे पुण्यातली सर्वांत जुनी पेठ. पेशवाई यायच्या आधीचे कसबे पुणे ते हेच. शिवरायांचे बालपण गेले तो लाल महाल इथलाच, मात्र आज दिसते ती इमारत महापालिकेने अलीकडच्या काळात उभारलेली आहे. मानाचा पहिला गणपती इथला, शेख सल्ल्याचे दर्गे इथले. पण पेठेची खरी ओळख तिच्या आळ्यांवरून पटते. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. हाताने काम करणाऱ्या माणसांची ही पेठ. फडके हौदाच्या चौकात आले की पेशव्यांच्या काळातली पाण्याची सोय आठवते. कात्रजच्या तलावाचे पाणी नळाने शहरातल्या हौदांत आणलेले होते. ते पाणी कोणी भरायचे आणि कोणी लांब उभे राहायचे, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. जोतीरावांनी आपल्या गंज पेठेतल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला ते साल 1868.

माझी आजी कसब्याच्या खालच्या अंगाला, नदीच्या बाजूच्या वस्तीत राहत होती. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले आणि मुठेचे पाणी पेठांत घुसले. आजीची खोली वाहून गेली. डोक्यावर माझा बाप आणि हातात एक तांब्याचा हंडा, एवढेच घेऊन ती निघाली आणि पुढे आजोबांच्या खडकीच्या नोकरीमुळे दापोडीला येऊन राहिली. म्हणजे कसबा माझे आजोळ नव्हे, पण घराणे मात्र तिथून उठलेले. आणि आज तिचीच पणती तिथे अमेरिका शिकायला जाते, याचा मला राग आला होता.

बाईंची खोली एका जुन्या वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर. लाकडी जिना इतका अरुंद की वर जाणाऱ्याने खाली येणाऱ्यासाठी थांबावे. आत सतरंजी, एक फळा, कपाटभर पुस्तके आणि बारा मुले-मुली. कोणी ताडीवाला रोडची, कोणी मंगळवार पेठेतली, दोन कसब्यातल्याच तांबटांच्या घरची. मी दारात उभा राहिलो तर बाई म्हणाल्या, "तुम्ही हिचे वडील ना? बसा. तास संपला की बोलू." मुकाट्याने बसलो.

तो तास ऐकून मला प्रथम कळले की बाई काय करतात. बारावीच्या इंग्रजीच्या 'युवकभारती' पुस्तकात, म्हणजे 2020 साली आलेल्या, वॉल्ट व्हिटमन या अमेरिकन कवीची एक कविता आहे आणि ओ. हेन्रीची एक गोष्ट आहे. त्याआधी 2019 ला आलेल्या अकरावीच्या पुस्तकात एमिली डिकिन्सनची कविता आणि लुइझा मे अल्कॉटच्या कादंबरीतला उतारा आहे. त्याच अकरावीच्या पुस्तकात बाबासाहेबांचा लोकशाहीच्या आधारस्तंभांवरचा धडाही आहे. आपली मुले हे सारे कसे शिकतात? गाइड घ्यायचे, 'मध्यवर्ती कल्पना' पाठ करायची, चार अलंकार पाठ करायचे, पेपरात ओकायचे. मीही असाच शिकलो.

बाईंचा भाचा न्यू जर्सीत राहतो. त्याचा मुलगा तिथल्या हायस्कूलमध्ये. अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचे असते आणि त्यातले तिसरे वर्ष, म्हणजे आपली अकरावी, बहुतेक शाळांत अमेरिकन साहित्याचे वर्ष असते. ज्यांची जास्त मेहनतीची तयारी आहे त्यांची वेगळी तुकडी करतात, तिला 'ऑनर्स' म्हणतात. त्या मुलाने आपली जुनी वही बाईंना पाठवली होती. पुस्तके थॉमस पेनपासून सुरू होतात. पुढे हॉथॉर्नची 1850 सालची 'द स्कार्लेट लेटर', मार्क ट्वेनचा हकलबरी फिन, फ्रेडरिक डग्लसचे आत्मचरित्र, फिट्झजेराल्डची 1925 सालची 'द ग्रेट गॅट्सबी'. पण बाईंना पुस्तकांच्या यादीपेक्षा वहीतली रीत मोलाची वाटली. तिथे तयार उत्तर सांगत नाहीत. मुलाने स्वतःचे मत मांडायचे आणि ते मत पुस्तकातल्या कोणत्या ओळीवरून बनले ते दाखवायचे. बाईंनी त्याचे आपल्या भाषेत केले, "मत सांग आणि ओळीवर बोट ठेव." बारा मुलांना हे वाक्य पाठ आहे.

त्या दिवशी ओ. हेन्रीची गोष्ट चालू होती. न्यूयॉर्कमधला बेघर सोपी. थंडी आली, तर तीन महिने तुरुंगात तरी छप्पर आणि जेवण मिळेल म्हणून तो पकडला जावा यासाठी गुन्ह्यांवर गुन्हे करतो, पण पोलीस काही पकडत नाही. शेवटी चर्चमधले भजन ऐकून त्याला सुधारावेसे वाटते, आणि नेमका तेव्हाच पोलीस त्याला धरतो. गाइडात याला 'विनोदी शेवट' म्हटले आहे. ताडीवाला रोडच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, यात हसण्यासारखं काय आहे? आमच्या शेजारचा पोरगा नुसता उभा होता म्हणून त्याला नेलं." बाई म्हणाल्या, "बोट ठेव." तिने ठेवले. सोपी त्या वेळी काहीही न करता फक्त उभा होता, ते वाक्य तिने शोधून दाखवले.

मी भांडण विसरलो. तास संपल्यावर बाईंनी विचारले, "बोला, काय म्हणत होता?" मी म्हणालो, "पुढच्या रविवारी येतो."

दुसऱ्या रविवारी खोलीत कोणी नव्हते. बाई मुलांना घेऊन तांबट आळीत गेल्या होत्या. मी मागोमाग गेलो. लांबूनच ठोके ऐकू आले. हे कारागीर तांब्याचे भांडे हातोडीने ठोकून ठोकून त्यावर एकसारख्या टिकल्या उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्याने भांड्याला चकाकी येते आणि बळकटीही येते. पूर्वी आळीत शिरले की माणसाला माणसाचे बोलणे ऐकू येत नसे, असे सांगतात. आता तेवढे हात राहिलेले नाहीत. मुले एका दुकानाच्या पायरीवर ओळीने बसली होती, आणि बाई व्हिटमनची आणखी एक कविता वाचत होत्या. 'आय हिअर अमेरिका सिंगिंग', 1860 सालची. कवितेत सुतार आहे, गवंडी आहे, नावाडी आहे, बूट शिवणारा आहे, लाकूडतोड्या आहे, शिवणटिपण करणारी मुलगी आहे. जो तो आपले काम करताना गातो आहे.

बाईंनी सांगितले, "आपापल्या घरच्या कामांची यादी करा." एकाने लिहिले, वडील रिक्षा चालवतात. एकीने लिहिले, आई पाच घरची धुणीभांडी करते आणि आजी कागद-पत्रा वेचायची. आमच्या कन्येने लिहिले, "माझे वडील फायलींना टाचण्या लावतात." सगळे हसले, मीही हसलो. बाई मात्र माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हसू नका. हा व्हिटमन स्वतः सरकारी कारकून होता." आणि खरेच होते ते. वॉशिंग्टनला एका सरकारी खात्यात तो कारकून होता. 1865 साली खात्याच्या नव्या मंत्र्याला त्याचे कवितांचे पुस्तक सापडले, ते त्याला अश्लील वाटले आणि व्हिटमनची नोकरी गेली. मग मित्रांनी खटपट करून त्याला दुसऱ्या खात्यात चिकटवले. ओ. हेन्री तर बँकेत होता. हिशेबातल्या तुटीवरून खटला झाला आणि 1898 ते 1901 अशी तीन वर्षे तो तुरुंगात राहिला, तिथे त्याने गोष्टी लिहिल्या. माझ्यासारख्या हिशेबाच्या माणसाला हे ऐकून कसेसेच झाले. इंग्रजी पुस्तके लिहिणारे सगळे साहेब असतात, अशी माझी आजवर समजूत होती.

त्यानंतर घडले ते मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. मंगळवार पेठेतला एक मुलगा, बोलायला जरा अडखळणारा, म्हणाला, "मॅडम, 1860 साली तिथे गुलाम होते ना?" बाई म्हणाल्या, "होते. सुमारे 40 लाख." "मग या यादीत ते कुठे आहेत?" बाई म्हणाल्या, "बोट ठेव." तो म्हणाला, "बोट ठेवायला ओळच नाही, मॅडम."

हातोडीचे ठोके तेवढे चालू राहिले. मग तो मुलगा हळूच पुढे म्हणाला, आपल्याकडे पण कामाचं गाणं म्हणतात, पण ते काम कोणी निवडलं होतं? बाईंनी त्याला शाबासकी दिली. पण न्यायाची बाजूही सांगितली. व्हिटमनच्या दुसऱ्या एका दीर्घ कवितेत पळून आलेल्या गुलामाला घरात घेऊन त्याची शुश्रूषा केल्याचा प्रसंग आहे. म्हणजे माणूस निष्ठुर नव्हता. तरीही या यादीत जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी जागा मुलाला दिसली. "जे लिहिलंय त्यावर बोट ठेवता येतं. जे नाही लिहिलं ते शोधायला आपलं आयुष्य सोबत लागतं," असे बाई म्हणाल्या.

परतताना बाई आम्हाला बुधवार पेठेकडून घेऊन गेल्या. कसब्यातून दहा-बारा मिनिटांची वाट. 1848 साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तो भिडे वाडा इथे होता. जुनी इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर 2023 मध्ये पाडण्यात आली. त्या जागेसमोर उभे राहून बाईंनी विचारले, "पुण्यातला अमेरिकन साहित्याचा पहिला विद्यार्थी कोण?" कोणालाच सांगता येईना. त्या म्हणाल्या, "जोतीराव फुले." तरुणपणी त्यांनी थॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' वाचले. पेन जन्माने इंग्रज, पण 1774 ला अमेरिकेत गेला आणि 1776 ला 'कॉमन सेन्स' ही पुस्तिका लिहून त्याने तिथल्या स्वातंत्र्याच्या लढ्याला धार दिली. न्यू जर्सीतल्या मुलाच्या वहीत पहिले नाव जे पेनचे, तेच पावणेदोनशे वर्षांपूर्वी गंज पेठेतल्या माळ्याच्या मुलाच्या हाती होते. फरक एवढाच की त्याने ते परीक्षेसाठी वाचले नाही. पुढे 1873 ला 'गुलामगिरी' छापली तेव्हा ती त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या तिथल्या भल्या माणसांना अर्पण केली. तिथली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती.

हा धागा पुढेही तुटला नाही. अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखेडे यांनी तेव्हाच्या औरंगाबादेत, नागसेनवनात, आपल्या लिहित्या पोरांना तिथल्या काळ्या लेखकांची ओळख करून दिली. जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिले. 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचे नावही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आले. आमच्या तरुणपणी आम्ही 'निग्रो साहित्य' हा शब्द सर्रास वापरायचो. आता तो शब्द सोडून दिला आहे, कृष्णवर्णीय म्हणतात. पण आमच्यातल्या किती जणांनी मूळ पुस्तक हातात घेतले होते? मी तर नव्हते घेतले. मोर्चात नाव घ्यायचो, घरी पुस्तक नव्हते.

का नव्हते, तेही सांगतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी सक्तीच्या इंग्रजीच्या तासाला मला उभे करून वाचायला सांगितले. 'ऑफन' की 'ऑफ्टन', अशा एका शब्दावर मी अडकलो. सरांनी तो शब्द माझ्याकडून चार वेळा म्हणून घेतला आणि वर्ग चार वेळा हसला. त्या कॉलेजचे नाव सांगत नाही, सांगून उपयोग नाही. त्यानंतर पंचवीस वर्षांत मी कोणासमोर इंग्रजीची एक ओळ मोठ्याने वाचलेली नाही. कचेरीत 'सादर' आणि 'आदेशार्थ' यांवर निभावले.

तिसऱ्या रविवारी बाईंनी दोन माणसे फळ्यावर लिहिली. पहिला फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला. मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवायला घेतली, तर मालकाने ते बंद पाडले. गुलाम शिकला की तो हाताबाहेर जातो, असे त्याचे म्हणणे. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हाच गुन्हा होता. मग बाल्टिमोरच्या गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना हा आपल्याजवळची भाकरी द्यायचा आणि बदल्यात अक्षरे शिकायचा. 1838 ला तो पळाला, 1845 ला त्याने आत्मचरित्र लिहिले. भाकरी देऊन अक्षर घेणारा पोरगा! आपल्या घरांतून ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

दुसरा लँग्स्टन ह्यूज. क्लीव्हलँडच्या हायस्कूलमधून तो 1920 ला बाहेर पडला. वडील मेक्सिकोत होते, त्यांच्याकडे आगगाडीने निघाला. गाडी मिसिसिपी नदीवरून जात असताना त्याला एक कविता सुचली. 'द निग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स'. युफ्रेटिस, काँगो, नाईल, मिसिसिपी, अशा चार नद्यांतून आपल्या लोकांचा सारा इतिहास त्याने सांगितला. जून 1921 च्या 'द क्रायसिस' मासिकात ती छापून आली. संपादक होते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस.

एवढे सांगून बाईंनी आमच्या मुलीला उभे केले. ह्यूजची माहिती तिने काढून आणली होती. ती वाचू लागली. ह्यूजच्या वडिलांना लिहिण्याचे हे वेड पसंत नव्हते. त्यांनी सांगितले, इंजिनिअरिंग शिकणार असशील तरच कॉलेजचा खर्च देईन. 1921 ला तो कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला आणि वर्षभरातच बाहेर पडला. वाचताना तिने एकदाही माझ्याकडे पाहिले नाही. मी सतरंजीच्या काठाचे दोरे मोजत बसलो.

कोलंबिया म्हटल्यावर मुले सावरून बसली. बाबासाहेब तिथे 1913 ते 1916 शिकले. ते गेल्यावर पाच वर्षांनी हा ह्यूज त्याच आवारात आला. आणि ज्या ड्यू बॉइसनी ह्यूजची कविता छापली, त्याच ड्यू बॉइसना बाबासाहेबांनी जुलै 1946 मध्ये पत्र लिहिले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जे निवेदन गेले होते, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. 31 जुलैला ड्यू बॉइसनी उत्तर पाठवले. ही पत्रे आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात, अ‍ॅम्हर्स्ट गावी जतन केलेली आहेत. आणि अ‍ॅम्हर्स्ट म्हणजे अकरावीच्या पुस्तकातल्या एमिली डिकिन्सनचे गाव. तिने सुमारे 1800 कविता लिहिल्या आणि हयातीत जेमतेम दहा छापून आल्या. म्हणजे अकरावीच्या एकाच पुस्तकात बाबासाहेब आहेत आणि डिकिन्सन आहे, आणि सातासमुद्रापलीकडे एकाच गावात तिचे घर आहे आणि बाबासाहेबांचे पत्र आहे. गाइडात यातले एक अक्षर नाही.

मग मुलीने स्वतः लिहिलेले वाचले. आधी इंग्रजीत, मग माझ्यासाठी मराठीत. तिच्या नद्या पवना, मुळा आणि मुठा. दापोडीला पवना मुळेला मिळते, पुढे संगमावर मुळा मुठेला मिळते. "माझ्या पणजीला मुठेने उठवले, मुळेने वसवले. मी दर रविवारी मुठेच्या खालून जाते, तिला माहीतही नसते," असे काहीसे होते. हंडाही होता त्यात. तो हंडा कसब्यातल्याच तांबटाने मठारलेला असणार, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. तिला सुचले.

शेवटी बाईंनी डग्लसच्या पुस्तकातले एक पान माझ्यापुढे धरले. "आता तुम्ही वाचा." मी हात जोडले, नको म्हणालो. बारा मुले वाट पाहत राहिली. तेव्हा वाचले. घाम फुटला होता. दोन शब्दांवर अडलो. ताडीवाला रोडची ती मुलगी शेजारून हळूच उच्चार सांगत गेली. कोणी हसले नाही. पान संपले.

त्या संध्याकाळी आम्ही मेट्रोने आलो नाही. नव्या पुलावरून चालत महापालिकेकडे निघालो. खाली मुठा गढूळ वाहत होती. मी म्हणालो, "पोरी, मी ह्यूजच्या बापासारखा होणार नाही. पण मला भीती वाटते, हे तरी तू समजून घे." ती म्हणाली, "पप्पा, मलाही वाटते. साहित्य घेतलं तरी मी बँकेच्या परीक्षा देईन. दोन्ही करीन." काय होईल ते आज सांगता येत नाही. अजून बारावी व्हायची आहे. पण फॉर्मवर सही करताना मी अडवणार नाही, असे तिच्या आईसमोर कबूल केले आहे.

पालक बंधू-भगिनींनो, प्रत्येक वस्तीला अशा बाई मिळतील असे नाही. पण त्यांची रीत घरी आणता येते. आपल्या मुलाला इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचायला सांगा आणि मग त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायला सांगा. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. फक्त विचारा, तुला काय वाटले, आणि कुठल्या ओळीवरून वाटले? आणि आपली माणसे यात कुठे आहेत? चुकला तर हसू नका. आमच्या विहारात आता बुधवारी संध्याकाळी आम्ही हाच तास सुरू केला आहे. सतरंजी विहाराची, पुस्तक मुलांचेच. पहिल्या दिवशी चार मुले आली, गेल्या बुधवारी नऊ होती.

डग्लसचे पुस्तक बाईंनी मला वाचायला दिले आहे. कचेरीला जाता-येता मेट्रोत रोज एक पान वाचतो, खिशात शब्दकोश ठेवतो. अजून निम्मे व्हायचे आहे.